आंधळा हो

सुट्टीला निघताना माणसाच्या पोटात गोळा असू नये. चष्मेवालीच्या पोटात मात्र घर सोडल्यापासून होता, आणि गाडीत समुद्राचा वास शिरायला लागला तसा तो विरघळायचा सोडून वरच सरकत गेला. चष्म्याचं दुकान तिचं स्वतःचं. ‘आता नीट दिसतंय की मघाशी नीट दिसत होतं?’ असं लोकांना विचारण्यात तिचा जन्म गेला होता. या सुट्टीत तिला एकाच माणसाला एकच गोष्ट विचारायची होती, आणि तो माणूस तिच्या शेजारी मांडीवर भलंमोठं कलिंगड घेऊन बसला होता.

त्याला सगळे भोपळा म्हणत. कॉलेजात गणिताच्या पहिल्याच परीक्षेत त्याने शून्य मिळवलं, तेव्हापासून. पुढे त्याने ते नाव इमानाने अंगावरही चढवलं. आता तो विमा विकायचा. लोकांना त्यांच्या मरणाची भीती घालतो आणि स्वतः पोटभर जेवतो, असं लंबू त्याच्याबद्दल म्हणायचा. लंबू म्हणजे चष्मेवालीचा नवरा, याच टोळक्यातला, जमिनींची मोजणी करणारा. गाडी चालवत होती ती कॅप्टन. एकेकाळी कॉलेजच्या हॉकी संघाची कप्तान, आता ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटायची एकही संधी सोडत नव्हती. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून तिला अशी खोड लागली होती की दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी असली की तिचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. म्हणून ती कुणाला चालवूच द्यायची नाही.

दर उन्हाळ्यात हे चौघं एक शनिवार-रविवार समुद्रावर काढत. मागचे दोन उन्हाळे ते जमलं नव्हतं, कारण लंबूच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला होता. दिवसाआड मशीनला जोडून घ्यायचं, अंगातलं रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी येऊन अंथरुणावर पडायचं, एवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं. शुक्रवारचं डायलिसिस झालं की सोमवारपर्यंत मोकळीक. त्या मोकळिकीत चष्मेवालीने ही सहल कोंबून बसवली होती.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. मशीनवर माणूस तग धरतो, म्हणाले, पण उभा राहायचा तर दुसऱ्याची किडनी हवी. यादीत नाव होतं, आणि यादी मुंगीच्या पावलाने सरकत होती. सगळ्यांत आधी चष्मेवालीने स्वतःचा हात पुढे केला, तर तिचीच साखर वाढलेली निघाली. मोठ्या दिरांचं ब्लडप्रेशर आडवं आलं. नणंदेचा रक्तगट जुळेना. सासूबाई म्हणाल्या, माझी काढून घ्या, मला आता काय करायचीय, पण त्यांच्या वयाकडे बघून डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मग एके दिवशी दुकानात काचा पुसता पुसता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भोपळ्याचा आणि लंबूचा रक्तगट एकच होता. जवळच्या मित्राची किडनीही चालते, दोघांनी एका समितीपुढे जाऊन सगळं सांगावं लागतं, इथपर्यंत तिने चौकशी करून ठेवली. लंबूला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. तो कानांवर हात ठेवेल याची तिला खात्री होती. कुणाचं पेन मागायचं तरी तो आधी माफी मागणारा माणूस.

आणि कसं विचारायचं, तेही तिचं ठरलं होतं. या चौघांचा आपसांत एक कायदा होता. त्याचं नाव आंधळा हो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कधीतरी तो जन्माला आला. एकाने म्हणायचं, ‘आंधळा हो दे.’ समोरच्याने का, कशाला, असलं काही न विचारता ‘दिला’ म्हणायचं. मग जे मागितलं जाईल ते निमूट करायचं. एका सहलीत प्रत्येकाला एकदाच. या कायद्यापायी भोपळ्याने प्राचार्यांच्या दारात उभं राहून त्यांना अंगाई ऐकवली होती, आणि कॅप्टन एका अनोळखी लग्नात नवरीची आत्या म्हणून पोटभर जेवून आली होती. लंबूने एकदा चष्मेवालीकडून आंधळा हो घेतला, घेतल्यावर घामाघूम झाला आणि शेवटी ‘उद्या माझ्याबरोबर चहा पिशील का’ एवढंच मागितलं. त्याच चहाचा पुढे संसार झाला. चौघांनी आयुष्यात आणखी नाना प्रकारचे शब्द फिरवले असतील, पण दिलेला आंधळा हो आजवर कुणी मोडला नव्हता.

एकदा ‘दिला’ म्हटल्यावर भोपळ्याला नाही म्हणायची सोय उरणार नव्हती. तिला तेच हवं होतं, आणि तिला लाजही त्याचीच वाटत होती.

भाड्याने घेतलेलं घर समुद्राकडे तोंड करून उभं होतं. खिडक्यांच्या गजांना गंज, आरशावर खाऱ्या हवेचा पापुद्रा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात आधीच्या पाहुण्यांनी मागे ठेवलेली वाळू. लंबू व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसला आणि पायऱ्या चढून आल्याचा दम लपवायला समुद्राचं कौतुक करू लागला. सामान आत जातंय न जातंय तोच भोपळ्याने सुरी शोधून काढली आणि कलिंगड कापायला घेतलं.

“हं, लंबू, पहिली फोड तुझी. काय लाल निघालंय बघ.”

लंबूने फोडीकडे पाहिलं. उन्हातून आलेल्या माणसाने बघावं तसंच पाहिलं. मग म्हणाला, “हिला विचार बाबा. माझ्या तोंडाच्या किल्ल्या हिच्याकडे असतात.”

“त्याला नाही चालत,” चष्मेवाली म्हणाली.

“कलिंगड? अगं, कलिंगडात असतं काय? नुसतं पाणी तर असतं.”

“पाणीच तर नाही चालत!”

तिचा आवाज असा काही चढला की शेजारच्या घरासमोर टॉवेल वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली. चष्मेवालीने पिशवीतून एक छोटी बाटली काढून भोपळ्यासमोर आपटली. “हे त्याचं दिवसभराचं पाणी. एवढंच. प्यायलेलं बाहेर पडत नाही त्याच्या, फुप्फुसात साठतं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा चघळून दिवस काढतो. दोन वर्षं झाली, भोपळ्या. तुला एवढंही माहीत नाही?”

“माहीत होतं गं. म्हणजे... लक्षात नाही राहिलं.”

“खा रे तुम्ही,” लंबू म्हणाला. “मी बघतो. बघण्यावर अजून बंदी आलेली नाही.”

कुणी खाल्लं नाही. भोपळ्याने सगळ्या फोडी एका पातेल्यात भरल्या, फ्रीजमध्ये ढकलल्या आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. चष्मेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. हा माणूस दर रविवारी न चुकता फोन करायचा, तासभर हसवायचा, लंबूची नक्कल लंबूलाच करून दाखवायचा. पण आज पाणी किती प्यायलास, दंडात सुया खुपसतात तेव्हा दुखतं का, असं एकदाही त्याने विचारलेलं तिला आठवेना. न विचारणाऱ्या माणसाला आपण काय विचारणार, असं तिच्या मनात आलं आणि तिने तो विचार मागे ढकलला.

दुपारी लंबू पंख्याखाली झोपला. कॅप्टन स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. चष्मेवाली मदतीला गेली तशी कॅप्टनने मान वर न करता विचारलं, “त्याच्याकडून आंधळा हो घेणार आहेस ना?”

“कुणाकडून?”

“माझ्यापुढे भोळेपणा नको. गाडीच्या आरशात मला मागचं सगळं दिसतं. धंदाच आहे माझा. साऱ्या रस्ताभर तू त्याच्या कमरेकडे बघत होतीस.”

चष्मेवालीला हसू यायला हवं होतं, आलं रडू. तिने आमटीत मीठ घालायचं निमित्त करून पाठ फिरवली. “मग काय करू? तू सांग.”

“सरळ विचार.”

“सरळ विचारलं तर तो नाही म्हणेल.”

“म्हणजे उत्तर तुला माहीत आहे,” कॅप्टन म्हणाली. “आणि तरी तुला त्याच्याकडून हो पाहिजे. ही चोरी आहे, बाई. प्राचार्यांना अंगाई म्हणायला लावणं वेगळं आणि माणसाचं पोट फाडणं वेगळं.”

“तुझा नवरा असता तर समजलं असतं तुला.”

हे बोलायला नको होतं. कॅप्टनची सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली. “असता तर मीही चोरी केली असती कदाचित,” ती म्हणाली. “पण तिला चोरीच म्हटलं असतं.”

ऊन उतरल्यावर चौघं वाळूत जाऊन बसले. समुद्र मागे हटला होता, पोरंटोरं ओल्या वाळूत चर खणत होती. लंबू खुशीत आला. खुशीत आला की तो जुन्या गोष्टी काढायचा, आणि आज नेमकी त्याने ती काढली.

“रक्तदानाचं शिबिर आठवतंय? मी या खाटेवर, भोपळा त्या खाटेवर. नर्सबाईंनी अजून सुई पाकिटातून काढलीसुद्धा नाही, आणि हा आपला डोळे पांढरे करून गप्पगार! बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, पडलाच आहे तर काढून घेऊ या.”

कॅप्टन खो खो हसली. गोष्ट शंभरदा ऐकलेली होती, पण ‘काढून घेऊ या’ला हसायचं असतं हे ठरलेलं होतं. भोपळा हसला नाही. बोटांनी वाळू उकरत बसला. एरवी या गोष्टीत तो स्वतः भर घालायचा, शुद्धीवर आल्यावर आपण बिस्किटं कशी दोनदा घेतली ते रंगवून सांगायचा. दुकानातल्या तक्त्यावरची शेवटची ओळ ज्याला वाचता येत नाही, तो नेमका तिथेच विनोद करायला लागतो, हे चष्मेवालीने पुष्कळदा पाहिलं होतं. आज भोपळ्याला विनोदही सुचत नव्हता.

तिने मनात म्हटलं, आता. पण तोंड उघडायच्या आधी भोपळाच उठला, अंगावरची वाळू झटकली आणि तिला म्हणाला, “चल, जरा फिरून येऊ.”

दोघं पाण्याच्या कडेने चालत गेले. मासे साफ करणाऱ्या बायकांची टोपली ओलांडली, उलट्या घातलेल्या होड्या ओलांडल्या. शेवटच्या होडीपाशी तो थांबला आणि समुद्राकडे बघत म्हणाला, “आंधळा हो दे.”

चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला. याला सगळं कळलंय, तिला वाटलं, आणि हा वेडा उलटा माझीच परवानगी मागतोय. मला लंबूला देऊ दे, आडवी येऊ नकोस, असं काहीतरी म्हणेल. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती वाईट विचार केले आपण याच्याबद्दल.

“दिला,” ती म्हणाली.

“मला विचारू नकोस.”

“काय?”

“काय ते तुला माहीत आहे. मला ते विचारू नकोस. आज नको, घरी गेल्यावर नको, कधीच नको.”

“कॅप्टनने सांगितलं तुला?”

“कॅप्टनने कशाला सांगायला पाहिजे? माझा रक्तगट मला माहीत नाही का?” तो अजून तिच्याकडे बघत नव्हता. “लंबूचं निदान झालं ना, त्या दिवशीच मला कळलं, ही एक दिवस मला विचारणार. तेव्हापासून तुझं नाव फोनवर दिसलं की छातीत धडधडतं. म्हणून मीच आधी करतो, रविवारी. आणि तासभर तुला बोलूच देत नाही.”

“वहिनी नको म्हणतात का?”

“तिच्या नावावर खपवता आलं असतं. आईच्या, पोरांच्या नावावरही. सगळं पाठ करून ठेवलं होतं मी.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “खोटं कशाला बोलू? मला भीती वाटते. नुसती भीती, दुसरं काही नाही. ते टेबल डोळ्यांसमोर आलं की माझे हातपाय गार पडतात. तू विचारलंस तर मी हो म्हणेन, लंबूला नाही म्हणायला मला तोंड नाही. आणि मग ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी पळून जाईन. मी मला ओळखतो. तेव्हा त्याचं काय होईल?”

“तू एकदा डॉक्टरांशी नुसतं बोलून तर—”

“हो दिलायस,” भोपळा म्हणाला.

परतीच्या वाटेवर ती त्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली. जो दरोडा घालायला आपण निघालो होतो तोच आपल्यावर पडला, हे तिला कळत होतं, आणि त्यामुळे राग कमी होण्याऐवजी भडकतच होता. ओरडावं तर कुठल्या तोंडाने? शिव्या द्याव्यात तर कुणाला? एव्हाना वाळूतून उठून व्हरांड्यात जाऊन बसलेल्या लंबूने दुरूनच हात हलवला. तिने उसनं हसू आणून हात हलवला आणि थेट न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी लंबूने पाण्यात जायचा हट्ट धरला. दंडावरच्या फुगलेल्या शिरेवर चष्मेवालीने पट्टी गुंडाळली, हातावर पाणी घेऊ नकोस म्हणून बजावलं, आणि त्याला सांभाळायला पुढे कोण झालं, तर भोपळा. स्वतः समुद्राला भिणारा हा माणूस गुडघाभर पाण्यात लंबूच्या कमरेला विळखा घालून उभा राहिला. लाट आली की पाठ तिच्याकडे करायचा आणि आपल्या अंगावर घ्यायचा. लंबूचे पाय आता काटकुळे झाले होते. लाट फुटली की तो पोरासारखा किंचाळत होता, आणि दोन वर्षांत चष्मेवालीने त्याचा तसला आवाज ऐकला नव्हता.

वाळूत उभी राहून ती बघत होती. भोपळा लंबूवर जीव टाकतो, यात खोट नव्हती. लाट अंगावर घेईल, खांद्यावर बसवून घरी नेईल, रात्रभर पाय चेपत बसेल. पण जे हवं आहे ते देणार नाही. आणि आपण एका पोरकट खेळातल्या शब्दाला जागून गप्प बसणार, का तर आजवर कुणी मोडला नाही म्हणून. एखाद्या वर्षाने लंबू नसेल आणि आपण म्हणत बसू, मी विचारलंच नाही. मग ती शांत झाली. तिचं ठरलं.

व्हरांड्यात ब्रेड, अंडी आणि चहा मांडला होता. लंबूच्या कपात चार घोट. अंघोळ करून तो ताजातवाना दिसत होता, पावाला लोणी लावत होता. कॅप्टन परतीचा रस्ता कुठून घ्यायचा ते सांगत होती.

“मी हो मोडतेय,” चष्मेवाली म्हणाली.

कॅप्टन बोलायची थांबली. भोपळ्याचा कप तोंडाशी गेला होता तो तिथेच राहिला. लंबूने विचारलं, “कसला हो?”

“भोपळ्या, काल तू माझ्याकडून घेतलास तो मोडतेय. पहिल्यांदा मोडतोय कुणीतरी, माहीत आहे मला. पाहिजे तर मला टोळीतून काढून टाका. मी त्याच्यासमोरच विचारते आणि सरळ विचारते. तुझी एक किडनी लंबूला देशील का?”

एवढं बोलून ती लंबूकडे वळली. आता हा ताटावरून उठेल, माझ्यावर चिडेल, भोपळ्याची माफी मागेल, अशी तिची तयारी होती. लंबू तिच्याकडे बघतच नव्हता. तो भोपळ्याकडे बघत होता. पुढे झुकला होता, लोणी लावलेला पाव हातात तसाच होता, तोंड किंचित उघडं. निकाल लागायच्या दिवशी फळ्यासमोर पोरं उभी असतात तसा त्याचा चेहरा झाला होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, संकोच नव्हता. नुसती आशा होती, उघडीवाघडी. चष्मेवालीने आयुष्यात इतकं भयंकर काही पाहिलं नव्हतं.

भोपळ्यानेही ते पाहिलं. त्याचे ओठ दोनदा हलले.

“नाही,” तो म्हणाला. “नाही रे, लंबू. माझ्याच्याने नाही होणार.”

लंबूने पाव बशीत ठेवला. “अरे, ठीक आहे,” तो म्हणाला. घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, “ठीक आहे रे. ही पण ना, सकाळी सकाळी काहीतरी काढते. चहा घे, गार होतोय.”

भोपळा चहा न घेता रडायला लागला. मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला की बघवत नाही. लंबू उठला, टेबलाला वळसा घालून त्याच्यामागे गेला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “झालं, झालं. तुझं काय चुकलं यात? उगी.” आजारी माणूस धडधाकट माणसाची समजूत घालत होता आणि कॅप्टन भांडी गोळा करून मोरीत आदळत होती.

सामान डिकीत भरताना कॅप्टन चष्मेवालीच्या शेजारी उभी राहिली. “मीच म्हटलं होतं, सरळ विचार,” ती म्हणाली. “आता वाटतं, गप्प बसले असते तर बरं.”

“तुझ्या सांगण्यावरून नाही विचारलं.”

“माझा गट जुळला असता ना—”

“तर तूही घाबरली असतीस.”

कॅप्टनने डिकी बंद केली. “हो,” ती म्हणाली. “घाबरले असते. पुढचं काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. उगाच मोठेपणा कशाला घेऊ?”

येताना लंबू पाय लांब करता यावेत म्हणून पुढे बसला होता. आता त्याने आपणहून मागचं दार उघडलं आणि गुडघे हनुवटीला लावून भोपळ्याशेजारी बसला. चष्मेवालीला पुढे बसावं लागलं. रस्ताभर लंबूच बोलत होता. मोजणीला गेलेला असताना कुणाच्या तरी बैलाने त्याची फीतच कशी खाल्ली, ती गोष्ट त्याने सांगितली. भोपळा ‘हं’, ‘अरे वा’ म्हणत होता. कॅप्टन आरशात बघायचं टाळत गाडी चालवत होती.

पेट्रोल पंपावर कॅप्टन चाकांत हवा भरून घ्यायला उतरली. भोपळाही उतरला आणि मान खाली घालून दुकानाकडे गेला. चष्मेवाली मागे वळणार इतक्यात लंबू म्हणाला, “वळू नकोस.”

“का?”

“नको. पुढे बघ जरा वेळ.”

ती पुढे बघत राहिली. काचेवर मेलेल्या चिलटांचे डाग होते. मागून त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं, दाबून धरलेला श्वास मधूनच सुटत होता.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर विचारायला नको होतं. तुला कुणाकडे काही मागितलेलं आवडत नाही, माहीत असून मी... तुझी सुट्टीही घालवली. इतका छान पाण्यात खेळत होतास.”

तो म्हणाला, “तुला काय वाटलं, मी समुद्र बघायला आलो होतो?”

तिने दोन सीटांमधून हात मागे नेला. त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्याचे तळवे कोरडे आणि कढत होते.

“तू विचारशील म्हणून आलो,” लंबू म्हणाला. “मला स्वतःला विचारवेना. काल तुम्ही दोघं फिरायला गेलात ना, मी व्हरांड्यात बसून तुमच्या वाटेकडे डोळे लावले होते. परत आलात तेव्हा तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, अजून विचारलेलं दिसत नाही. म्हणजे अजून आशा आहे. रात्री छान झोप लागली मला.”

इतकी वर्षं शेजारी झोपून या माणसाला काही नको असतं असंच चष्मेवाली समजत आली होती. तिने त्याची बोटं दाबली, आणि तेवढ्यात भोपळा दुकानातून येताना दिसला. लंबूने तिचा हात सोडला आणि बाहीने तोंड पुसलं.

भोपळा दार उघडून तसाच उभा राहिला, आत बसावं की नाही ते न कळल्यासारखा. “निघायचं का?” त्याने विचारलं.

“निघू या की,” लंबू म्हणाला आणि गुडघे गोळा करून त्याने त्याला बसायला जागा करून दिली.